मुका डबा

जानेवारीतली दुपार. साडेतीनच्या सुमाराला आमच्या हॉलमध्ये पश्चिमेचं ऊन येतं आणि पडद्याच्या फटीतून त्याची एक तिरपी पट्टी टीपॉयवर उतरते. टीपॉय नुकताच पुसला होता, त्या दिवसात दुसऱ्यांदा, आणि मी चहा घेऊन टेकले होते. समोर बघितलं आणि कप हातातच राहिला. त्या पट्टीत हवा नव्हतीच, नुसता भुगा होता. वर जाणारा, खाली येणारा, माझ्या फुंकरीसरशी बाजूला होऊन पुन्हा जागेवर येणारा. आणि उरलेल्या हॉलमध्येही हेच असणार, तिथे ऊन नाही म्हणून दिसत नाही इतकंच.

कवडसा. किती वर्षांनी हा शब्द तोंडात आला!

वाईला आजोळच्या माजघराला खिडकी नव्हती. छपरात एक काचेचं कौल होतं, त्यातून उतरणारा कवडसा हे आमचं दुपारचं घड्याळ. तो कोनाड्यापाशी आला की आजी वामकुक्षीतून उठायची, उंबऱ्याला लागला की चहाचं आधण. मे महिन्यात आम्ही सगळी मावस-मामे भावंडं सारवलेल्या गार जमिनीवर त्याच्याभोवती कोंडाळं करून बसायचो आणि त्यातले कण मुठीत धरायचो. मूठ उघडली की काही नाही. शेजारचे एक आजोबा संस्कृत शिकवायचे. त्यांनी सांगितलं की उन्हाच्या तिरिपीत दिसणाऱ्या या कणाला त्रसरेणू म्हणतात आणि जुन्या लोकांनी सगळी वजनंमापं इथपासून मोजायला सुरुवात केली. डोळ्यांना दिसतं त्यातलं सगळ्यांत बारीक ते हे. मला पुष्कळ दिवस त्रसरेणू हे आडनाव वाटत होतं. आजीचं शास्त्र वेगळं होतं. “तोंडं मिटून बसा मेल्यांनो, पोटात जाईल.” हवेच्या शुद्धीबद्दल मला मिळालेला हा पहिला सल्ला. पुढचे सगळे महाग पडले.

आमच्या समोरची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. कोथरूडकरांना याहून जास्त सांगायला नको. हिरवी जाळी लावली आहे, ती धुळीसाठी असं म्हणतात; धुळीला ते कुणी कळवलेलं दिसत नाही. बाल्कनीतल्या तुळशीच्या पानावरून बोट फिरवलं की खाली हिरवा रंग सापडतो. त्यात थंडीत हवा जड होऊन खाली बसते आणि संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे गढूळ पाण्यात बुडाल्यासारखे दिसतात. आई आमच्याकडे असते, त्र्याऐंशी वर्षांची. दिवाळीपासून तिचा घसा खवखवत होता.

लेक गुरुग्रामला राहते. तिथे नोव्हेंबर आला की घरोघरी एअर प्युरिफायर लागतात, आपल्याकडे उन्हाळ्यात माठ निघतो तसे. तिनं फोनवरच निकाल दिला. “आई, घेऊन टाक. पण आवाज न करणारा घे, आजीची झोप आधीच तोळामासा. आणि प्लीज, दिसायला जरा बरा घे. मागच्या वेळेसारखं करू नकोस.” मागच्या वेळी मी कूलर घेतला होता. त्याचं रूप खरंच रेशन दुकानातल्या लोखंडी कपाटासारखं होतं. त्यामुळे मी गप्प बसले.

नवरा निवृत्त इंजिनियर. त्याला असा विषय मिळणं म्हणजे मांजराला उन्हातली खुर्ची मिळणं. संध्याकाळपर्यंत वहीचं पान भरलं. आईची खोली बारा बाय अकरा, छत साडेनऊ फूट, म्हणजे साधारण ३५ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळून निघायला हवी, म्हणजे यंत्राची ताकद निदान तासाला १७५ घनमीटर पाहिजे. मग त्यानं मला बसवून सांगितलं की टीपॉयवर जे दिसलं त्याला घाबरायचं कारण नाही, ते नाकातच अडकतं. भीती आहे ती न दिसणाऱ्याची. अडीच मायक्रॉन आणि त्याहून बारीक, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाचे कण. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी. आपल्याकडे दिवसभराच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये स्वतःची शिफारस १५ वर आणली. आजींच्या त्रसरेणूंची काळजी सोड, म्हणाला. मला जरा वाईटच वाटलं. एवढ्या ओळखीची धूळ, आणि तिला काही किंमतच नाही.

तळमजल्यावरच्या काकूंनी स्नेक प्लांटची कुंडी आणून दिली. “नासानं सांगितलंय.” नासानं १९८९ मध्ये तसे प्रयोग केले होते हे खरं, पण हवाबंद पेटीत. घरात तोच परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत कुंड्या लागतील, असा हिशेब नंतरच्या संशोधकांनी मांडला आहे. म्हणजे आईला त्या खोलीत उभं राहून झोपावं लागलं असतं. कुंडी ठेवून घेतली. काकूंचं मन मोडवत नाही, आणि झाड चांगलं आहे.

शांतता विकत घ्यायला आम्ही कर्वे रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. भिंतभर टीव्ही लागलेले, प्रत्येकात तोच चित्ता त्याच हरणामागे धावतोय, वर ढोलताशांचं संगीत. विक्रेत्या मुलानं एका उंच पांढऱ्या नळकांड्याचं बटण दाबलं. “मॅडम, ऐकू येतंय काही?”

“नाही.”

“बघा!”

नवऱ्यानं खोक्यावर बोट ठेवून विचारलं, हे २४ डेसिबल कुठल्या वेगाला? मुलगा म्हणाला, स्लीप मोडला सर. आणि ही हवा गाळायची ताकद लिहिली आहे ती? ती टर्बोला सर. म्हणजे शांत असताना ते काम करत नाही आणि काम करताना शांत नसतं. खोक्यावर मात्र दोन्ही आकडे खेटून उभे, लग्नाच्या फोटोत शेजारी बसवलेल्या पण एरवी एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारखे. यावर उपाय एकच, खोलीला लागेल त्याच्या दुप्पट मोठं यंत्र घ्यायचं आणि हळू चालवायचं. उपाय बरोबर आहे, माझी तक्रार नाही; फक्त बिल बघून मला टर्बोसारखा आवाज फुटला.

मग मुलानं उदबत्ती पेटवून यंत्रापुढे धरली. धूर वळून आत ओढला गेला, लाल दिवा लागला, थोड्या वेळानं हिरवा झाला. आतल्या हेपा गाळणीची कीर्ती त्यानं पाठ म्हटली. ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडकतात. त्याहून बारीक असतील तर, असं मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं. त्याचं उत्तर नवऱ्यानं रिक्षात दिलं. ते आणखी चांगले अडकतात, कारण फार बारीक कण सरळ जात नाहीत, भरकटत जातात आणि कुठल्या ना कुठल्या धाग्याला चिकटतात. सरळ जाणारे सुटतात, भटकणारे सापडतात. आमच्या शाळेच्या हेडसरांचाही हाच नियम होता.

दिसण्याचं काय, ते राहिलंच. “हे कुठल्याही इंटेरियरला ब्लेंड होतं मॅडम,” असं तो म्हणाला होता. लाकडी पाय, राखाडी कापडाचं अंग, वर गोल जाळी. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. पण आमच्या घराला इंटेरियर नाही, सामान आहे. आणि आमच्या पिढीच्या घरात यंत्र देखणं असून भागत नाही, त्याला अंगडं लागतं. शटरचा टीव्ही होता त्यावर विणलेला रुमाल, रुमालावर कोल्हापूरची पितळी बैलगाडी. मिक्सरला झालरीचा फ्रॉक. फ्रिजच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना खिसे असलेलं कव्हर, एका खिशात लाइट बिलं आणि दुसऱ्यात कसल्या तरी चाव्या, ज्यांची कुलपं घरात नाहीत. रेडिओच्या कव्हरवर आईनं काश्मिरी टाक्यात दोन बदकं भरली होती. बातम्या त्या बदकांच्या पोटातून यायच्या.

त्यामुळे चौथ्या दिवशी मी आईच्या खोलीत गेले तर प्युरिफायरच्या डोक्यावर क्रोशाचा पांढराशुभ्र गोल रुमाल, त्यावर बाम, तपकिरी पाकिटातल्या गोळ्या, जपमाळ आणि अर्धं लिमलेट. “मापाचा बसला बघ,” आई म्हणाली. बसला होताच. हवा बाहेर पडायची जाळी एका टाक्याचीही चूक न होता झाकली गेली होती. वर काही ठेवायचं नाही आणि भिंतीपासून फूटभर लांब ठेवायचा, हे मी तिला तिसऱ्यांदा सांगितलं. सपाट जागा मोकळी ठेवायची ही कल्पनाच तिला पटत नाही. “मग एवढी मोठी पाठ दिली कशाला त्याला?”

यंत्र एरवी अगदी गुणी. आवाज नाही, अंगावर हवेतल्या बारीक कणांचा एक आकडा मिणमिणत असतो, ३८, ४१, ३६. पण रविवारी मी ठेच्यासाठी हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर टाकला. जो खकाणा उठला त्यानं नवरा बाल्कनीत पळाला, मी ठसकत खिडकी उघडली, आणि आईच्या खोलीतून एखादं विमान निघाल्यासारखा आवाज आला. धावत गेले. आकडा २१२, लाल दिवा, यंत्र जीव तोडून हवा ओढत होतं आणि आई पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. गुरुवारी देवापुढे ऊद घातला तेव्हाही तेच. “धुपाला लाल दिवा दाखवतंय मेलं,” म्हणून तिनं प्लगच काढून टाकला. तेव्हापासून आमच्याकडे पूजा आणि फोडणी या दोन्ही वेळांना हवा शुद्ध करणं बंद असतं.

तो लाल दिवा मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

वाईचं स्वयंपाकघर. पावसाळ्यात ओली लाकडं, आजी फुंकणी तोंडाला लावून चुलीशी वाकलेली, तुळया डांबर फासल्यासारख्या काळ्या. भिंतीवर कमरेच्या वरपर्यंत काळं आणि त्याखाली पोतेऱ्याचा पांढरा पट्टा. धूर एवढा की पलीकडच्या फळीवरचे डबे दिसायचे नाहीत. “बाहेर व्हा रे, डोळे जातील,” असं म्हणून ती आम्हाला हाकलायची. स्वतः तिथेच. तिथे हे यंत्र ठेवलं असतं तर? याचा आकडा ९९९ च्या पुढे जात नाही, असं माहितीपुस्तकात लिहिलं आहे.

तिला खोकला होता. म्हणजे आम्ही तसं म्हणायचोच नाही. “आजीचा खोकला” म्हणायचो, आजीचा चष्मा, आजीचा पाट म्हणावं तसं. पहाटे तो ऐकू आला की कळायचं, चूल पेटली, आपल्याला अजून अर्धा तास झोपता येईल. इतका सवयीचा आवाज की त्यानं कूस बदलून परत छान झोप लागायची. शेवटची दोन वर्षं ती आडवी झोपू शकली नाही. भिंतीला तीन उशा लावून बसल्या बसल्या डुलक्या काढायची. तेव्हा मामा तिला साताऱ्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो बघितला आणि विचारलं, “आजी, विड्या किती वर्षं ओढताय?”

हा आमच्या घरातला मोठा विनोद होता. आजीला म्हणे विड्या! प्रत्येक लग्नात, मुंजीत कुणी ना कुणी तो सांगायचं आणि सगळे पोट धरून हसायचे. मीही सांगितला आहे. सासरी आल्यावर पहिल्याच महिन्यात सांगितला आणि चांगला रंगवून सांगितला.

रुमाल मी घडी करून आईच्या कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो टेबल लॅम्पवर होता.

रात्रीची अडचण निराळीच निघाली. दिवा मालवला, यंत्र झोपेच्या वेगावर टाकलं, मी माझ्या खोलीत येऊन पडले. पाच मिनिटांत हाक. “चालू आहे का गं ते?” हो, चालू आहे. पुन्हा दहा मिनिटांनी, “बघ गं जरा, बंद पडलेलं दिसतंय.” पंपाचा स्टोव्ह, पाण्याची मोटर, एका बाजूला वळताना कट् करणारा टेबल फॅन, यांच्यात जिचं आयुष्य गेलं तिला काम करतंय आणि बोलत नाही अशा यंत्राचा भरवसा कसा वाटणार! तिसऱ्या रात्री अकराला मी उठले आणि बटण दाबून ते तिसऱ्या वेगावर टाकलं. घूं असा एक जाडसर आवाज खोलीत पसरला. “हां,” आई म्हणाली, आणि घोरायला लागली.

नवरा अंधारात मोबाइलवर आवाज मोजत बसला होता. “अठ्ठेचाळीस,” तो म्हणाला. “एवढ्याला तो निम्म्या किमतीतला काय वाईट होता?”

मी उत्तर दिलं नाही. भिंतीपलीकडे आई खोकली की काय असं मला वाटलं होतं. कान देऊन पडून राहिले, पण त्या आवाजात काही कळेना.