कॅपेसिटाबिन आणि सोलणारे तळहात

केमो म्हटलं की सलाईन लावलेला पेशंट डोळ्यांसमोर येतो. कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी मात्र पाकिटातून घरी येते, आणि आठवडाभरात बीपीच्या गोळीच्या शेजारी जाऊन बसते. मोठ्या आतड्याच्या, जठराच्या, स्तनाच्या कॅन्सरमध्ये ती देतात. शरीरात गेल्यावर तिचं 5-एफयू होतं, म्हणजे सलाईनमधून देतात तेच जुनं औषध.

नेहमीचा हिशोब 14 दिवस गोळ्या, 7 दिवस सुट्टी; ही एक फेरी. डोस शरीराच्या क्षेत्रफळावर ठरतो. एका वेळी दर चौरस मीटरला 1000 मिलिग्रॅम धरले, तर 1.5 चौरस मीटरच्या पेशंटला 500 च्या तीन गोळ्या सकाळी, तीन रात्री; एका फेरीच्या 84. खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत, साध्या पाण्याबरोबर. उपास असेल तर साबुदाण्याची खिचडी खाऊन घ्या, पण रिकाम्या पोटी नको. एक वेळ चुकली तर चुकली, पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही. गोळी कुटायची नाही, आणि घरातल्या गरोदर बाईने तिला हात लावायचा नाही.

आता या गोळ्यांनी तळहात-तळपायांना होणाऱ्या त्रासाचं. आधी मुंग्या येतात, मग लाली चढते, कातडी ताणल्यासारखी चकाकते. इथवर पहिली पायरी. चपातीचं पीठ मळताना, बादलीची कडी धरताना दुखायला लागलं की दुसरी. फोड, भेगा, पाऊल टेकवेना, ही तिसरी. दुसऱ्या पायरीलाच डॉक्टरांना फोन करायचा असतो. ते गोळ्या थांबवतात, हात निवले की पुन्हा सुरू करतात, लागलं तर डोस कमी करतात. ‘केमो आहे, सोसायलाच हवं’ म्हणून पेशंट तिसरीपर्यंत ओढतात, आणि मग चार दिवसांच्या जागी तीन आठवडे औषध बंद राहतं. मध्ये थांबल्याने उपचार वाया जात नाही. हुकलेल्या गोळ्या नंतर भरून काढायच्या नसतात.

त्रास होण्याआधी काय करता येतं? दिल्लीच्या एम्समधला 2024 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे कामाचा आहे. 1 टक्का डायक्लोफेनॅक जेल, कंबरदुखीला चोळतो तेच, हातांना दिवसातून दोनदा लावलेल्यांत दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचा त्रास 3.8 टक्क्यांना झाला. नुसतं साधं जेल लावलेल्यांत 15 टक्क्यांना. स्वस्त आहे, दुकानात मिळतं, तरी डॉक्टरांना विचारूनच लावा. युरियाचं क्रीमही चालतं. बी-6 च्या गोळ्या सर्रास लिहून देतात, पण चाचण्यांत त्यांचा ठोस फायदा दिसलेला नाही. मेंदीने गार वाटतं खरं, पण रंगाखाली लाली झाकली जाते आणि तपासणाऱ्याला काही दिसत नाही. गरम पाण्यात भांडी, घट्ट चपला, लांबची पायपीट टाळा.

‘अशक्तपणा आलाय’ म्हणून केमिस्टकडून मल्टिव्हिटॅमिन आणाल तर आधी वेष्टन वाचा. त्यात फॉलिक अॅसिड असतं, आणि ते या औषधाचा त्रास वाढवू शकतं. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन किंवा फिटचं फेनिटॉइन चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. दोन्हींचा परिणाम वाढतो.

हात सोलले की बोटांचे ठसेही पुसट होतात. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नाही. म्हणून उपचार सुरू होण्याआधीच आधारला चालू मोबाइल नंबर जोडून घ्या, म्हणजे ओटीपीचा मार्ग राहतो. पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला चेहरा दाखवूनही काढता येतो.

जुलाब नेहमीपेक्षा चार-सहा वेळा जास्त झाले की पुढची गोळी न घेता फोन करा. ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा. पांढऱ्या पेशी घसरलेल्या असू शकतात. पहिल्या काही दिवसांतच तोंड सोलून जुलाब लागले तर तेही तातडीचंच. काहींच्या शरीरात 5-एफयू मोडणारं डीपीडी हे एन्झाइम कमी असतं, त्यांना नेहमीचा डोसही विषासारखा होतो.

पुढच्या भेटीला उरलेल्या गोळ्या पाकिटासकट न्या. 84 पैकी 20 उरल्या असतील तर तसं सांगा. नाहीतर पूर्ण डोस झेपला असं समजून पुढची फेरी तशीच लिहिली जाते.