आमची वाटचाल: पावागढ ते नामिबची वाळू

बडोद्यात दांडिया बाजारात एका गाळ्यात आमचं टूरचं ऑफिस आहे, हिशोब बायको बघते, फोन आणि भांडणं माझ्याकडे. सुरुवात पावागढ-चांपानेर, मग कच्छचं रण, मग जैसलमेर, म्हणजे बडोद्यातला प्रत्येक टूरवाला करतो तेच. जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूत उंटावर बसून फोटो निघाले की बाकीचे खूश, पण आमच्या ग्रुपमधली ट्रेकवाली मंडळी म्हणायला लागली, ही काय वाळू अहो, मोठी दाखवा ना. तिथून आफ्रिकेतलं नामिबिया सुरू झालं.

तिथल्या नामिब वाळवंटात सॉसुसफ्लेला बिग डॅडी म्हणून वाळूची टेकडी आहे, साधारण ३२५ मीटर. आकडा ऐकून लोक हसतात, पावागढ याच्या दुप्पट आहे आणि तिथे आमची आजी चढते म्हणे. चढते खरी, पण पायऱ्यांवरून! इथे एक पाऊल टाकलं की अर्धं परत खाली येतं. चढायचं ते धारेवरूनच, कारण वाऱ्याकडची बाजू दाबून घट्ट झालेली असते आणि पलीकडच्या उतारावर वाळू ३२-३४ अंशांत नुसती टेकलेली असते, पाय ठेवला की निघालीच. पुढच्याच्या ठशात पाय टाकत जायचं, आणि सगळ्यात जास्त दमतो तो पहिला, म्हणून पुढचा माणूस आम्ही सारखा बदलत राहतो.

खरा खेळ मात्र वेळेचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत जायचं म्हणजे तिकडे उन्हाळा चढत असतो आणि दुपारी वाळू ६० अंशांच्या वर जाते. पार्कचं सेसरीमचं गेट बाहेर राहणाऱ्यांना सूर्योदयाला उघडतं, पार्कच्या आत राहणाऱ्यांना तासभर आधी सोडतात, आणि पुढे ६० किलोमीटर डांबरी रस्ता नि मग मऊ वाळूतले ५ किलोमीटर फोर बाय फोरमध्ये, म्हणजे बाहेरून येणारा पायथ्याशी पोचतो तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलेलं असतं. आत राहायला महाग पडतं आणि त्यामुळे आमचं पॅकेज बाजारात सगळ्यात स्वस्त कधीच नसतं, गिऱ्हाईक तोंडावर सांगतं की दुसरा कमी घेतो. घेऊ दे. आम्ही त्या एका तासाचेच पैसे लावतो, आणि धंदा टिकला तो त्यावरच.

जाण्याआधी सिंधरोटला महीच्या पात्रातल्या वाळूत सगळ्यांना चालवतो. एक काका म्हणाले, "मी रोज कमाटीबागेत राउंड मारतो, मला कशाला?" म्हटलं, काका, या तरी. थोडं चालून झाल्यावर स्वतःच बोलले, पोटऱ्या बोलायला लागल्या रे! बूटही तिथेच तपासतो, कपाटात वर्षानुवर्षं पडलेला बूट असेल तर गरम वाळूत गोंद सुटतो आणि तळ तोंड उघडतो. पाणी माणशी दोन लिटर, ओआरएस, गूळ-शेंगदाण्याची चिक्की. चहा मागणारे असतातच, त्यांना खाली उतरल्यावर.

उतरण्यात मात्र मजा आहे, त्याच सैल उतारावरून टाचा रोवत पळत सुटायचं, चढायला दीड-दोन तास लागलेले आणि खाली काही मिनिटांत. खाली डेडफ्ले, पांढऱ्या मातीचं सपाट मैदान, त्यात बाभळीच्या जातीची काळी पडलेली झाडं. वाळूने नदीची वाट अडवली तेव्हा ती वाळली, त्याला ६००-७०० वर्षं झाली असं सांगतात, आणि हवा इतकी कोरडी की कुजलीच नाहीत. फोटो काढायला जावं तर फोनच तापून बंद, तेव्हा फोन पिशवीत कपड्यात गुंडाळून ठेवा हे आम्ही बसमध्ये तीनतीनदा सांगतो.

आता मे महिन्याची बॅच पण चालू केलीय. लोकांना वाटतं मे म्हणजे बडोद्यासारखीच भट्टी, पण तिकडे तेव्हा थंडी सुरू व्हायला आलेली असते, पहाटे स्वेटर लागतो, चढायला याहून चांगला काळ नाही. फक्त शाळांच्या निकालाच्या तारखांशी जुळवताना हिची दरवर्षी कसरत होते, आणि तरीही विचारणारे पहिल्यांदा दिवाळीचंच विचारतात.