ब्रिक्समध्ये कांचनजंगा: माझा अनुभव

वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची मुंबईतली कांचनजंगा ही उंच इमारत (१९८३) लेगोच्या ठोकळ्यांत करायला घेतली ती तिच्या कोपऱ्यांतल्या दुमजली गच्च्यांसाठी. ऊन आणि पावसाची झड थेट खोलीत येऊ नये म्हणून मध्ये सोडलेली जागा, म्हणजे आपल्या रत्नागिरीकडची पडवीच. मॉडेलमध्ये गच्च्या जमल्या तरच इमारत ओळखू येते.

मूळ इमारत २१ बाय २१ मीटर आणि उंची ८४ मीटर, म्हणजे एकास चार. लेगोचे स्टड (ठोकळ्यावरचे गोल उंचवटे) ८ मिमी अंतरावर असतात, प्लेट (चपटा ठोकळा) ३.२ मिमी जाड, आणि तीन प्लेट्सइतक्या उंचीचा एक ब्रिक. रुंदी ८ स्टड, म्हणजे ६४ मिमी घेतली. उंची हवी २५६ मिमी, म्हणजे बरोबर ८० प्लेट्स. मजल्यांचा आकडा तंतोतंत जुळवायच्या फंदात मी पडलो नाही. मजले कुणी मोजत नाही, पण उंचीचं प्रमाण बिघडलं की लगेच डोळ्यांना खटकतं.

दोन मजल्यांचा एक टप्पा धरला: खाली ८×८ची प्लेट, तिच्यावर ब्रिकचा एक थर, मग प्लेट्सचे दोन थर. एकूण उंची ६ प्लेट्सची. असे १३ टप्पे, वर ८×८ची प्लेट आणि टाइल्स (प्लेटइतक्याच जाड, पण वर स्टड नसलेल्या), झाल्या ८०.

प्रत्येक टप्प्यात कर्णावरचे समोरासमोरचे दोन कोपरे, २×२ स्टडचे, मोकळे सोडले (खऱ्या इमारतीतली मांडणी यापेक्षा गुंतागुंतीची आहे). खरी मेख इथेच आहे. उरलेली जागा ५६ स्टडची, म्हणजे २×४चे ७ ब्रिक बसतील असं वाटतं. बसत नाहीत! बुद्धिबळाच्या पटाचे कर्णावरचे समोरासमोरचे कोपरे काढले की उरलेला पट दोन-दोन घरांच्या सोंगट्यांनी झाकता येत नाही, २×२ स्टडचं एक घर धरलं तर तेच हे कोडं. म्हणून सहा २×४ आणि दोन २×२. ते दोन दर्शनी भिंतीवर, गच्चीला लागून येतात. काळे घेतले की खिडक्या तयार. प्लेट्सच्या थरांतही हाच हिशोब, फक्त थर आडवा-उभा फिरवत जायचा, म्हणजे सांधे एकावर एक येत नाहीत. पुढच्या टप्प्यात गच्च्या उरलेल्या दोन कोपऱ्यांत.

ब्रिक्स: २×४ पांढरे ७८, २×२ काळे २६. प्लेट्स: ८×८च्या १४, २×४च्या १५६, २×२च्या ५२. टाइल्स: गच्चीसाठी २×२च्या विटकरी २६, माथ्यावर पांढऱ्या १६. पांढरा माल एकाच ठिकाणाहून मागवा. दोन कंपन्यांचा पांढरा कधी जुळत नाही.

वरची ८×८ दाबताना गच्चीवरचा अधांतरी कोपरा वाकतो आणि शेजारचे स्टड सुटतात. गच्चीत टाइल आहेच. तिच्यावर एक सुटा २×२ ब्रिक आणि ब्रिकवर टाइल असा टेकू ठेवायचा. उंची नेमकी भरते, दोन्हीकडे गुळगुळीत असल्यामुळे कुठे अडकत नाही, दाबून झालं की बोटाने बाहेर ओढायचा. टेकू नसेल तर एका बाजूला ०.१ मिमीची फट राहते. तेराही टप्प्यांत तीच बाजू उघडी राहिली तर माथा अडीच मिमी कलतो. दर तीन टप्प्यांनी सुताराचा गुण्या लावून बघा.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत धूळ स्टडच्या कडांना चिकटून बसते. कोमट पाण्यात धुवा, ४० अंशांच्या वर नको, आणि पंख्याखाली सुकवा. अंगणातल्या उन्हात ठेवाल तर पांढरा पिवळा पडायला लागेल.