सेगोव्हियात बाबांना दिसलेली पाइपलाइन

मार्चमध्ये आईबाबा माझ्याकडे माद्रिदला आले होते तेव्हा एक दिवस सेगोव्हियाला गेलो. माद्रिदच्या चामार्तिन स्टेशनहून फास्ट ट्रेनने जेमतेम अर्धा तास लागतो, त्यामुळे मी अगदी ऐटीत आईला सांगितलं की उतरलं की समोरच गाव आहे. उतरलो तर समोर माळरान, बोचरा वारा आणि गावाचा पत्ता नाही! स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर बाहेर आहे हे मी बघितलंच नव्हतं. बस मिळाली म्हणा, पण तोपर्यंत आईने शालीतून एवढंच विचारलं, "हेच का तुझं समोर?"

बस थेट अॅक्वाडक्टपाशी, म्हणजे गावात पाणी आणायला बांधलेल्या उंच कमानींच्या रांगेपाशी सोडते. फोटोत कितीही वेळा बघितलेला असला तरी आसोगेखो चौकात उभं राहून मान वर केली की दोन मिनिटं बोलायला सुचत नाही, २८ मीटर उंच, दोन मजली कमानी, सगळा ग्रॅनाइट आणि चुना-सिमेंट काहीही नाही, नुसते दगडावर दगड. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांसारखंच, दगड एकमेकांच्या वजनाने धरून ठेवलेत. रोमन लोकांनी पहिल्या-दुसऱ्या शतकात बांधलेला, आणि विसाव्या शतकातसुद्धा गावात पाणी आणत होता.

आता बाबांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. मी फोटोसाठी त्यांना कमानीखाली उभं करत होते आणि ते मला विचारतायत, "पाणी कुठून येतं आणि उतार किती ठेवलाय?" मी म्हटलं बाबा, हा पूल बघा ना किती सुंदर आहे. तर म्हणाले, "पूल नाहीये गं हा, पाइपलाइन आहे. मधे खड्डा आला म्हणून उचलून धरलीय एवढंच."

आणि खरं सांगू का, त्या एका वाक्यामुळे आमचा दिवस वेगळाच झाला. सगळे टुरिस्ट चौकात फोटो काढून जुन्या गावाकडे चढतात, आम्ही उलटे निघालो, पाण्याच्या उगमाच्या दिशेला. जसजसा रस्ता चढतो तसतशी कमान बुटकी होत जाते, कारण वरची लेव्हल तीच आणि जमीन वर येते. आधी दोन मजले, मग एका वळणानंतर एकच, मग अगदी आपल्या डोक्याच्या उंचीवर! पाणी डोंगरातल्या फ्रिओ नदीचं, पंधरा-सतरा किलोमीटरवरून निव्वळ उताराने आणलेलं, आणि गावाच्या तोंडाशी वाळू खाली बसावी म्हणून बांधलेली दगडी कोठी. ती बघून बाबा जे खूश झाले ते मी कॅथेड्रलमध्येसुद्धा बघितलं नाही. "गाळटाकी! दोन हजार वर्षांपूर्वी!" वरून एवढं सगळं पाणी ज्यातून जायचं तो पाट म्हणे जेमतेम दीड वीत रुंद.

अजून एक गोष्ट त्यांनीच दाखवली. दगडांवर मधोमध छोटी छोटी भोकं आहेत, मला वाटलं झिजलेत. ती दगड उचलताना लोखंडी चिमट्याची टोकं अडकवायला पाडलेली भोकं आहेत. बोट घातलं तर पहिलं पेर आत जातं, थंडगार.

गावात एक दंतकथा सांगतात की पाणी भरून कंटाळलेल्या एका मुलीने सैतानाशी सौदा केला, कोंबडा आरवायच्या आत घरापर्यंत पाणी आण, मग माझा आत्मा तुझा. त्याने रात्रभर राबून सगळं उभं केलं आणि एकच दगड राहिला तेवढ्यात उजाडलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आम्ही टँकरच्या रांगेत हंडे घेऊन उभ्या असायचो तेव्हा कुठे होता हा?" त्या सैतानाचा एक पुतळापण आहे, मोबाइलवर सेल्फी काढणारा. २०१९ मध्ये बसवला तेव्हा फार गोड दिसतो म्हणून काही लोकांनी विरोध केला होता.

बाकी गावही बघितलं, पण पळत पळत. कासा दे लोस पिकोस नावाच्या घराच्या दर्शनी भिंतीवर ६१७ टोकदार दगड आहेत, फणसच जणू. कॅथेड्रल १५२५ मध्ये सुरू केलं, कारण जुनं आधीच्या बंडात उद्ध्वस्त झालं होतं, पण त्याचा वऱ्हांडा दगड न् दगड सुटा करून इकडे आणून पुन्हा जोडलाय. हेही बाबांनाच आवडलं.

अल्काझार मात्र चुकवू नका. दोन नद्यांच्या संगमावर कड्याच्या टोकाला बसलेला किल्ला, जहाजाचं नाक असावं तसा. १४७४ मध्ये इसाबेल इथूनच निघून राणी म्हणून जाहीर व्हायला गेली, पुढे कोलंबसला पाठवणारी तीच. आतली सोनेरी छतं जुनी वाटतात, पण १८६२ च्या आगीत सगळी जळली होती. आधी एका चित्रकाराने त्यांची चित्रं काढून ठेवली होती म्हणून पुन्हा करता आली. बुरुजाला १५२ पायऱ्या, आईचे गुडघे बघता आम्ही दोघीजणी खाली बसलो आणि बाबा एकटेच वर. खाली नदीपलीकडे बारा बाजूंचं व्हेरा क्रूझ चर्च आहे, १२०८ चं, आणि किल्ल्याचा खरा फोटो तिथल्या कुरणातूनच येतो, वरून नाही.

जेवणाचं मात्र अवघड. इथली खासियत म्हणजे भाजलेलं डुकराचं पिल्लू, किती मऊ आहे ते दाखवायला बशीच्या कडेने कापतात आणि मग बशी फोडतात. शाकाहारी आईसाठी मोठ्या पांढऱ्या शेंगदाण्यासारख्या, नाही, वालासारख्या बियांची उसळ मागवली तर तीतही डुक्कर. शेवटी बटाट्याचं ऑम्लेट, तेही तिने बटाटे बटाटे काढून खाल्लं.

संध्याकाळी बसची वाट बघत पुन्हा कमानीखाली. एकूण १६७ कमानी आहेत असं माहितीपत्रकात छापलंय. बाबांच्या मोजणीत १६१ आल्या. त्यांचं म्हणणं, आई मधेच बोलली.