भोगीच्या तेलाने घसरले ते लेबॅक जमेपर्यंत

परवा रविवारी संध्याकाळी मी पहिल्यांदा पोलवर, म्हणजे पोल डान्सच्या उभ्या खांबावर, दोन्ही हात सोडून उलटी लटकले आणि वहिनीने मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजेपर्यंत घसरले नाही. दहा आकडे म्हणजे फार नाही हे मला माहितेय पण मी यासाठी दीड वर्ष थांबलेय, त्यामुळे आज सगळं लिहून काढणार आहे, लांब होईल, होऊ दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लेबॅक म्हणजे काय तर पोलवर चढायचं, दोन्ही मांड्यांच्या मध्ये पोल घट्ट धरून एका मांडीवर दुसरी मांडी टाकून बसायचं आणि मग हळूहळू मागे झुकत जायचं, पार डोकं खाली येईपर्यंत, आणि शेवटी हात सोडायचे. तुम्हाला धरून ठेवायला काय उरतं तर फक्त मांड्यांच्या आतल्या बाजूची कातडी. बस. दोरी नाही, बेल्ट नाही. बघायला फार सुंदर दिसतं आणि करताना पहिले कित्येक महिने नुसतं दुखतं.

मी पुण्यात नोकरीला होते तेव्हा पोल डान्स शिकायला लागले. तिथल्या एका क्लासमध्ये सहाव्या की सातव्या आठवड्यातच लेबॅक करायला लावला, बॅच मोठी, पोल कमी, माझा नंबर आला तेव्हा शेजारी उभं राहायला कुणी नव्हतं आणि लांबूनच "सोड हात, सोड" असं ओरडत होते. मी सोडले. मांड्या सुटल्या आणि खांद्यावर आपटले, महिनाभर तो हात वर जात नव्हता. मला त्या गोष्टीचा अजून राग येतो. पडले म्हणून नाही, तर मला का पडले हे कुणी सांगितलंच नाही, "भीती वाटली तुला" एवढंच सांगितलं. भीती वाटलीच नव्हती. माझी पकड चुकीच्या जागी होती, हे मला खूप नंतर कळलं.

मग सोलापूरला परत आले, आता अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. इथे मला पोल शिकवणारं कुणी सापडलं नाही म्हणून घरीच पोल लावायचं ठरवलं, तर आमचं कसब्यातलं घर माळवदाचं. पोल लावतात तो जमीन आणि छत यांच्यामध्ये ताणून दाबून बसवतात, त्याला वर पक्का काँक्रीटचा स्लॅब लागतो. माळवदाच्या लाकडांना आणि मातीला तो दाब देऊन चालत नाही, पत्र्याला नाही आणि पीओपीच्या छताला तर अजिबात नाही. शेवटी जुळे सोलापूरला दादाच्या फ्लॅटमधली मागची खोली मिळाली. ओळखीचा मिस्त्री आला, त्याने ओळंबा सोडून पोल सरळ उभा आहे का ते चारी बाजूंनी बघितलं, स्लॅबमधला बीम कुठून जातो ते बघून बरोबर त्याच्याखाली बसवला. त्याने एकदाही विचारलं नाही की हे कशासाठी. जाताना एवढंच म्हणला, "ताई, हे सैल पडतंय बरं का, रोज हलवून बघत जावा." अगदी बरोबर बोलला तो. दर वेळी चढायच्या आधी मी पोल दोन्ही हातांनी धरून जोरात हलवून बघते.

आईने बघितल्यावर म्हणली, "हा खांब कशाला आणलीस गं घरात?" मग मी तिला चढून दाखवलं. थोडा वेळ बघत बसली आणि म्हणली, "शाळेत दोरीवर करायचीस की तसलंच."

आणि इथे मला थोडं थांबायचंय. मी आठवीपर्यंत शाळेत दोरीचा मल्लखांब करायचे, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये दोरी धरून वर जायचं. मुलं पुरलेल्या मल्लखांबावर करायची. तो एरंडेल तेलाचा वास मला अजून आठवतो. आणि आता कुणालाही पोल डान्सबद्दल सांगितलं की दोन गोष्टी ऐकू येतात, एकतर "ते बारमधलं?" नाहीतर "अगं ते आपलं मल्लखांबच की, परदेशात गेलंय." मला दोन्ही पटत नाहीत. आजचा पोल डान्स क्लबमध्ये नाचणाऱ्या बायकांनी घडवलाय, कितीतरी मूव्ह त्यांनी शोधल्यात आणि त्यांचं श्रेय काढून घेऊन त्याच्यावर मल्लखांबाचं लेबल लावायचं हे मला बरं वाटत नाही. आणि मल्लखांबालाही ते बरोबर नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी जो मल्लखांब परत उभा केला, ज्याच्यासाठी उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, तो स्वतःच्या पायावर उभा आहे.

आणि मुळात दोन्हींची पकडच वेगळी आहे. मल्लखांब लाकडाचा, खाली जाड, वर निमुळता, त्याला अंग, मान, बोंड, आणि त्याला तेल लावायचं म्हणजे अंग सरकतं राहतं, कातडी सोलत नाही. पोल स्टीलचा किंवा पितळेचा, खालपासून वरपर्यंत एकच जाडी, माझा ४५ मिलिमीटरचा आहे, आणि त्याला तेलाचं एक बोटसुद्धा लागून चालत नाही. तिथे तेल मदत करतं, इथे तेल पाडतं. एक गोष्ट मात्र मी मल्लखांबातून आणली, तो शब्द, अढी. पायांची पकड. लेबॅक म्हणजे मला मनातून अढीच वाटते, आणि आमचे मल्लखांबाचे सर अढी पक्की झाल्याशिवाय हात सोडूच द्यायचे नाहीत. पुण्यात मला नेमकं तेच मिळालं नव्हतं.

आता भोगीची गोष्ट. जानेवारीत आमच्या सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, ६८ लिंगांचा तेलाभिषेक, अक्षता सोहळा, बाराबंदी घातलेली माणसं नंदीध्वज पेलत चाललेली, सगळं सोलापूर रस्त्यावर. ते नंदीध्वज मी लहानपणापासून बघतेय पण यंदा पहिल्यांदा त्या माणसांच्या पायांकडे आणि कमरेकडे बघत उभी राहिले, एवढी उंच काठी सरळ ठेवायची तर पाऊल किती जपून टाकतात ते. तर भोगीला सकाळी आईने तीळ वाटून अंगाला लावले, वर तिळाचं तेलही चोळलं, कडकडीत पाण्याने अंघोळ, बाजरीची भाकरी, भोगीची भाजी. दुसऱ्या दिवशी संक्रांतीची सुट्टी, मी संध्याकाळी पोलवर चढले. अंघोळ दोनदा झाली होती, मांड्या हाताला कोरड्या लागत होत्या. मागे झुकले आणि अर्ध्यात आल्यावर पोल मांड्यांमधून साबणासारखा सुळकन सरकायला लागला. हात सोडले नव्हते म्हणून वाचले, पण मांडीच्या आतली कातडी वीतभर सोलून निघाली.

तेव्हा नीट कळलं की तेल, मॉइश्चरायझर हे अंघोळीने पूर्ण जात नाही, कातडीत मुरलेलं असतं, अंग गरम झालं की घामाबरोबर परत वर येतं. आता सरावाच्या आदल्या दिवसापासून मी पायांना काहीच लावत नाही. केसांना तेल लावलं असेल तर त्या दिवशी पोलला हातच लावत नाही, कारण डोकं खाली गेलं की केस पोलला लागतात आणि तेवढा भाग निसरडा होतो.

पण उलटं पण आहे बरं का. थंडीत कातडी फार कोरडी आणि पोल गार असला तरी पकड बसत नाही, गार स्टीलवर कोरडी कातडी सरकते. म्हणून आधी अंग नीट गरम करायचं, कंबर, मांड्या, पाठ, पंधरा-वीस मिनिटं तरी, आणि पोललाही हातांनी मांड्यांनी घासून गरम करायचं. आणि आता मार्च संपत आलाय, इथे ऊन म्हणजे विचारायलाच नको, घरोघरी कूलर सुरू झाले. तर कूलर लावून पोल करायचं नाही! कूलरची हवा ओलसर असते, पोलवर दमट थर बसतो, मला हे कळायला तीन दिवस लागले, मी म्हणतेय आज हात का सटकायलाय. आता नुसता पंखा आणि वेळ सकाळी सहाची, रविवार सोडून. तळहातांना घाम येतो त्याला चॉकचं द्रावण लावते, मांड्यांना नाही.

पोल पुसायला स्पिरिट आणि जुना, खूप वेळा धुतलेला सुती पंचा. टॉवेलच्या कारखान्यात असूनही सांगते, नवीन टर्किश टॉवेल घेऊ नका, त्याची लव निघते आणि पोलवर चिकटते. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, जोडवी सगळं काढून ठेवायचं. वहिनीची जोडवी निघत नव्हती तर तिला मी चढूच दिलं नाही, धातूवर धातू घासला की पोलवर ओरखडे पडतात आणि मग ते ओरखडे आपल्या कातडीला लागतात.

आता मूळ गोष्ट, अढी. माझी चूक काय होती तर मी पोल मांड्यांच्या मधोमध, गुडघ्यांकडे धरत होते. तिथे कितीही जोर लावा, मागे झुकलं की तो सरकतोच. पोल पार वर, मांड्या जिथे सुरू होतात तिथे हवा, आणि तिथे उघडी कातडी हवी, शॉर्ट्सचं कापड मध्ये आलं की संपलं. मग एक मांडी दुसरीवर टाकायची आणि बसल्यावर लगेच मागे जायचं नाही. दोन्ही हातांनी वजन जरा वर उचलून घ्यायचं, मांडीची कातडी एका हाताने थोडी ओढून पोलभोवती बसवायची आणि मग परत वजन सोडायचं. कातडी आधीच ताणलेली असेल तर मागे गेल्यावर ती आणखी ताणते आणि सुटते, मला वाटतं सगळ्यात जास्त फरक मला यानेच पडला. दुखतं, खरंच दुखतं, पहिल्यांदा डोळ्यात पाणी येतं. पण नुसतं बसून, हात सोडून, पोल दहा सेकंद मांड्यांनी धरता येत नसेल तर मागे जायचंच नाही. मी जानेवारीची जखम भरल्यावर पूर्ण फेब्रुवारी फक्त बसले. फक्त बसायचं, हात सोडायचे, उतरायचं. भाची रोज विचारायची, "आत्तू, आज पण नुसती बसणारेस?" होय म्हणलं, आज पण.

मागे जाताना एक हात वर पोलवर, दुसरा खाली. पाठीचा एकेक मणका खाली सोडल्यासारखं जायचं, पाय सरळ, घोटे एकमेकांवर, पाऊल ताणलेलं. पाय ढिले पडले की मांड्या ढिल्या पडतात, हे शरीरात कसं जोडलेलं आहे ते करून बघितल्यावरच कळतं, पायाच्या बोटांपर्यंत जोर असला तरच वरची पकड घट्ट राहते. आणि सुरुवातीला इतक्या खाली बसायचं की उलटं झाल्यावर हात जमिनीला टेकतील. मी आधी दोन गाद्या आणि त्यावर चार चादरी टाकून करायचे, आपल्या सोलापुरी चादरी जाड असतात म्हणून, पण कापसाची गादी सरकते आणि जिथे पाय पडेल तिथे खड्डा होतो, ते धोक्याचं आहे. मग पैसे साठवून पोलभोवती बसणारी दहा सेंटीमीटर जाडीची क्रॅश मॅट मागवली. पण डोक्यावर पडलात तर मॅटसुद्धा पुरत नाही, म्हणून शेजारी माणूस पाहिजेच पाहिजे.

माझं माणूस म्हणजे वहिनी. तिला शिकवलं की पाय धरायचे नाहीत, माझ्या खांद्यांखाली आणि पाठीखाली हात ठेवायचे आणि मी "आहे" म्हणल्याशिवाय काढायचे नाहीत. पहिल्या दिवशी ती म्हणली, "ताई, मला भीती वाटायलीय, तुम्ही पडलात तर तुमचे दादा मलाच बोलतील." तरी उभी राहिली. दर मंगळवार, गुरुवार, शनिवारी पहाटे, पोराच्या डब्याच्या आधी, डोळे चोळत. तिच्याशिवाय हे झालंच नसतं.

अजून एक, मी वर येताना दोनदा सुटले होते, खाली जाताना नाही. वर यायचं म्हणलं की सगळं लक्ष पोटाकडे आणि हाताकडे जातं आणि मांड्या आपोआप सैल पडतात. आता मी वर यायच्या आधी उलटी असतानाच एकदा मांड्या नव्याने आवळते, मग खालच्या हाताने पोल धरते, मग पोट, मग वरचा हात. हात पोलला पोचेपर्यंत अढी तशीच.

रविवारी काय वेगळं झालं सांगता येत नाही. बसले, कातडी बसवली, मागे गेले, खालचा हात सोडला, "आहे" म्हणलं, वहिनीने हात काढले, वरचा सोडला. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे उलटे दिसत होते आणि कुठूनतरी शेंगा भाजल्याचा वास येत होता. वहिनी मोजत होती, सातला तिचा आवाज कापायला लागला. दहाला मी मांड्या आवळल्या आणि वर आले. भाची म्हणली, "आत्तू, परत कर, मी बघितलंच नाही नीट." परत नाही केलं, कातडी लाल झाली होती आणि दमलेल्या कातडीवर दुसऱ्यांदा जायचं नाही.

हे सगळं उजवी मांडी वर टाकून. डावी वर टाकली की अजून पाचच्या पुढे धरता येत नाही. वहिनीला गुरुवारी सकाळी सहाला बोलावलंय, डाव्या बाजूला परत नुसतं बसण्यापासून सुरुवात आहे.