सोप्यातला नवा पाहुणा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या सोप्यात मोत्या या कुत्र्याच्या पिल्लाचे अंथरूण टाकले तेव्हा तो जेमतेम दोन महिन्यांचा होता, आणि त्याला वळण लावण्याची घरातल्या प्रत्येकाची पद्धत मात्र आधीच ठरलेली होती.

पहिला प्रश्न अर्थातच शी-शूचा. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि दंगा झाल्यावर पिल्लाला बाहेर न्यावे, हे सूत्र सोपे आहे. पाहण्यासारखी असते ती त्याआधीची खूण. खेळ मध्येच थांबतो, नाक फरशीला टेकते आणि स्वारी एकाच जागेभोवती गिरक्या घेऊ लागते. तेवढ्यात उचलून परसात नेले आणि काम उरकताच तिथल्या तिथे खाऊ दिला, तर त्याला संबंध कळतो. घरात येऊन डबा उघडेपर्यंत उशीर झालेला असतो आणि बक्षीस उंबरा ओलांडल्याचे मिळाले, असा त्याचा समज होतो. घाण केलेल्या जागी त्याचे नाक घासून रागावण्याच्या जुन्या रीतीने तर ते एवढेच शिकते, की हे माणसांसमोर करायचे नसते. मग पलंगाखालचा कोपरा सापडतो.

कोल्हापुरातल्या पिल्लाला आणखी एक गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे आवाज. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत जे दिसते आणि ऐकू येते, त्याची पिल्लाला सहज सवय होते. पुढे नव्या गोष्टीचे भय वाढत जाते. पंचाईत अशी, की नेमक्या याच काळात लसीचे डोस पूर्ण झालेले नसतात, आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकत असल्याने त्याला रस्त्यावर सोडणे धोक्याचे असते. म्हणून मोत्याने मिरजकर तिकटीची वर्दळ माझ्या कडेवरून पाहिली. घरात मोबाईलवर हलगी-घुमक्याचा आवाज अगदी बारीक लावायचा, उकडलेल्या चिकनचा कण द्यायचा, कान मागे पडले की आवाज आणखी कमी करायचा, असा क्रम आम्ही धरला. गणपतीच्या मिरवणुका आणि फुटबॉलचा सामना जिंकल्यावर उडणारे फटाके ज्या गावात आहेत, तिथे ‘बस’ आणि ‘थांब’ यांच्याआधी हा धडा हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा तंटा रविवारी मटणावरून झाला. रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करू शकतो आणि शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या उडतात, हे सगळ्यांना समजावून झाले. ताटापाशी एकदा जरी तुकडा मिळाला, तरी पुढे प्रत्येक जेवणाला तो आशेने तिथेच बसणार, हेही सांगितले. आजीला ते पटेना. ‘आपण खायचं आन् त्या मुक्या जीवानं नुसतं बघत बसायचं व्हय रं?’ या तिच्या प्रश्नाला पशुवैद्यकाकडेही उत्तर नसावे. अखेर तिनेच तोड काढली: सगळ्यांची जेवणे झाल्यावर, मोत्या शांत बसला तरच, कोरड्या भाकरीचा तुकडा, आणि तोही त्याच्या वाटीत. हा नियम ती इतक्या कडकपणे पाळते, की हल्ली घरात मोत्या सर्वांत जास्त तिचेच ऐकतो.