नोइका: अहो की अरे?

रोमानियातल्या सिबिऊ शहराहून बस घाट चढायला लागली की थोड्या वेळात कानाला दडे बसतात. वर पल्तिनिश, साधारण 1440 मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा जरा उंच. लोक इथे स्कीइंगला येतात. मी आलो होतो घरमालकीण आजींच्या हुकमावरून, एका थडग्यावर.

थडगं तत्त्वज्ञ कॉन्स्टंटिन नोइकाचं, लाकडी चर्चच्या छोट्या मठापाशी. आजी त्यांना ‘दोम्नुल नोइका’ म्हणतात, म्हणजे नोइकासाहेब. माझ्या तोंडी अजून एकेरीच येतं. 1940 मध्ये हा माणूस ‘लीजन’ या ज्यूद्वेष्ट्या फॅसिस्ट संघटनेच्या वर्तमानपत्रात तिची भलामण करत होता. पुढच्याच जानेवारीत लीजनवाल्यांनी बुखारेस्टमध्ये ज्यूंची कत्तल केली.

मग कम्युनिस्ट आले. आधी नऊ वर्षं स्थानबद्धता, 1958 मध्ये अटक, नंतर 25 वर्षांची सजा. गुन्हा काय, तर हेगेलवरचं स्वतःचं हस्तलिखित आणि पॅरिसवासी लेखक-मित्र चोरानचं लिखाण लोकांत फिरवलं. 1964 च्या माफीत सुटला. इथवर हिशेब सोपा आहे.

अवघड आहेत ती शेवटची बारा वर्षं. 1975 पासून इथल्या लहानशा खोलीत राहून तो निवडक तरुणांकडून ग्रीक, जर्मन, प्लेटो, हेगेल घोटून घ्यायचा. राजकारणाच्या नादी लागू नका, संस्कृती टिकवा, हाच धोशा. गुप्त पोलीस पाळतीवर असायचे, तरी त्याची पुस्तकं छापली जात होती! राष्ट्रकवी एमिनेस्कूच्या 44 वह्यांचं पान न पान फोटो काढून जपा, म्हणून त्याने किती दारं ठोठावली.

त्याच काळात आजी खाली सिबिऊत टायपिस्ट. 1983 च्या फर्मानानंतर टाइपरायटरची पोलिसांत नोंद करावी लागे, अक्षरांच्या नमुन्यासकट. पावाला रांगा, हिवाळ्यात रेडिएटर गार. हुकूमशहा चाउशेस्कूला परदेशी कर्ज फेडायचं होतं ना.

“राग नाही यायचा त्यांचा?” मी एकदा विचारलं होतं.

“कुणीतरी प्लेटो वाचत होतं,” आजी म्हणाल्या आणि सारमालेच्या, म्हणजे कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याच्या, पातेल्यावर झाकण ठेवलं.

नोइका डिसेंबर 1987 मध्ये गेला. राजवट कोसळायला अजून दोन वर्षं होती.

चर्चपाशी मेणबत्त्यांचे दोन कप्पे, जिवंतांचा आणि मृतांचा. मृतांच्या कप्प्यात दोन लावल्या. एक आजींनी सांगितलेली. दुसरी बुखारेस्टच्या त्या जानेवारीसाठी, ती मात्र माझी.

घरी येऊन आजींना फोटो दाखवले. थडग्याचा त्यांनी पटकन सरकवला. नोइका राहायचा त्या घराच्या फोटोवर थांबल्या, दोन बोटांनी छप्पर मोठं केलं, बराच वेळ पाहत राहिल्या.

“धुराडं आहे,” त्या म्हणाल्या. “लाकूड मिळत असणार त्यांना.”